एक डॉलर एकोणचाळीस सेंट : सिनसिनाटीच्या लाल मोज्यांची कथा

आज खेळाडूची किंमत भर लिलावात पुकारली जाते आणि ती ऐकून कोणाला संकोच वाटत नाही. वाटलाच तर हेवा वाटतो. परंतु पैसे घेऊन खेळणे ही गोष्ट एके काळी चारचौघांत कबूल करण्याजोगी मानली जात नसे. खेळ हा सद्गृहस्थांचा विरंगुळा, आणि जो त्यावर पोट भरतो तो सद्गृहस्थ नव्हे, असा तो सरळ हिशेब होता. अमेरिकेत बेसबॉलपुरता हा पडदा उघडपणे बाजूला सारला तो १८६९ साली, ओहायो राज्यातील सिनसिनाटी या शहराच्या संघाने. आपले सर्वच्या सर्व खेळाडू ठरीव पगारावर नेमलेले आहेत, हे या संघाने लपवले नाही. त्या वर्षी तो एकही सामना हरला नाही. वर्षाअखेर जमाखर्च मांडला तेव्हा शिल्लक निघाली १ डॉलर ३९ सेंट. आणि त्यानंतरच्या वर्षाचा हंगाम संपतो न संपतो तोच हा संघ मोडीत निघाला.

एवढे यश, एवढी तुटपुंजी शिल्लक आणि इतक्या लवकर आलेला शेवट, या तिहींचा परस्परांशी काय संबंध आहे, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. अमेरिकन क्रीडा-इतिहासात या संघाला आद्यपुरुषाचा मान मिळतो. तो योग्यच आहे. मात्र आद्यपुरुषांच्या कथा जशा घासूनपुसून लख्ख केल्या जातात तशी हीही केली गेली आहे, आणि त्या घासण्यात तिचा सर्वांत रोचक भाग पुसट झाला आहे.

प्रारंभ पार्श्वभूमीपासून केला पाहिजे. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाने बेसबॉलचे नियम लिहून काढले. क्लबाचे सभासद व्यापारी, कारकून, डॉक्टर, विमा एजंट अशा मध्यमवर्गातले होते. दुपारी काम संपल्यावर खेळावे आणि सामन्यानंतर दोन्ही संघांनी एकत्र भोजन करावे, असा तो थाट होता. १८५७ मध्ये क्लबांची परिषद भरली, तिच्यातून राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १८५९ मध्ये खेळाडूंना मोबदला देण्यास मनाई झाली. पण मनाई करावी लागते ती अस्तित्वात असलेल्या गोष्टीलाच. मैदानाला कुंपण पडले, दारावर तिकीट लागले आणि पैजा लावणारे जमू लागले, तसे जिंकण्याला मोल आले. आणि जिंकण्याला मोल आले की जिंकून देणाऱ्यालाही येणारच. ब्रुकलिनच्या एक्सेल्सिअर क्लबाने १८६० च्या सुमारास जिम क्रेटन या तरुण पिचरला गुपचूप पैसे दिले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. पुढे याच्या नाना तऱ्हा निघाल्या. कोणाला सभासदाच्या दुकानात नावापुरती नोकरी, कोणाला तिकीट-उत्पन्नात वाटा. वॉशिंग्टनच्या नॅशनल्स क्लबाचे बरेच खेळाडू सरकारी खात्यात कारकून म्हणून दाखवलेले असत. त्यांच्यातील जॉर्ज राइट या खेळाडूचा १८६७ मधील कामाचा पत्ता म्हणून पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवरील जो क्रमांक नोंदवला होता, तेथे कचेरी नव्हतीच. सार्वजनिक बाग होती. खोटेपणालाही एक प्रकारची विनोदबुद्धी लागते, ती येथे दिसते.

थोडक्यात, १८६९ मध्ये सिनसिनाटीने पैसे देण्याची प्रथा सुरू केली नाही. तिला झाकण्याची प्रथा बंद केली. १८६८ च्या अखेरीस संघटनेनेच हौशी आणि व्यावसायिक असे दोन वर्ग मान्य केले होते आणि इतर अनेक क्लबांनीही या सवलतीचा लाभ घेतला. सिनसिनाटीचे वैशिष्ट्य असे, की तिने अर्धेमुर्धे काही केले नाही. संपूर्ण संघ, संपूर्ण हंगाम, लेखी करार आणि ठरलेला पगार.

हे धाडस न्यूयॉर्कला न सुचता सिनसिनाटीलाच का सुचले? याचे उत्तर खेळात नसून शहराच्या मनःस्थितीत आहे. ओहायो नदीकाठचे हे शहर डुकराच्या मांसाच्या धंद्यावर श्रीमंत झाले होते, आणि त्यावरून त्याला हिणवणारे टोपणनावही पडले होते. नदीतून चालणाऱ्या वाफेच्या बोटींच्या काळात ते पश्चिमेची राणी म्हणवत असे. परंतु आता रेल्वेचे युग आले होते आणि रेल्वे शिकागोकडे वळली होती. १८६० मध्ये सिनसिनाटीची लोकसंख्या १,६१,०४४ होती तर शिकागोची १,१२,१७२. दहाच वर्षांनंतर सिनसिनाटी २,१६,२३९ वर होते आणि शिकागो २,९८,९७७ वर. आपण मागे पडत आहोत हे ज्या शहराला कळते पण बोलवत नाही, त्याला अभिमानासाठी काहीतरी हवे असते. १८६६ मध्ये तेथील तरुण वकिलांनी स्थापन केलेल्या बेसबॉल क्लबाला ती जागा सापडली. क्लबाचा अध्यक्ष अॅरन चॅम्पियन हाही वकील. भाग विकून पैसा उभारावा, मैदान सजवावे आणि देशातला सर्वोत्तम संघ विकत घ्यावा, ही त्याची योजना होती. चांगल्या संघामुळे शहराचे नाव होईल आणि नाव झाले की व्यापार येईल, हा युक्तिवाद आजही प्रत्येक नव्या स्टेडियमच्या पायाभरणीप्रसंगी ऐकू येतो. तो फार जुना आहे, एवढे येथे लक्षात ठेवावे.

या योजनेला माणूस मिळाला तो क्रिकेटमधून. हॅरी राइटचा जन्म १८३५ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे झाला. त्याचे वडील सॅम्युअल न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात पगारी व्यावसायिक होते. इंग्रजी क्रिकेटमधील ‘व्यावसायिक’ हा शब्द आपण नीट समजून घेतला पाहिजे. हा माणूस सभासदांना गोलंदाजी करी, मैदानाची निगा राखी, आणि त्याबद्दल वेतन घेई. त्याचा दर्जा कमी, पण त्याचे वेतन मात्र कोणी लपवत नसे. इंग्लंडात सद्गृहस्थ आणि व्यावसायिक हा भेद १९६२ पर्यंत टिकला. तो अन्यायकारक होता, पण निदान उघड होता. हॅरी या वातावरणात वाढला. त्याने जवाहिऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली, वडिलांच्याच क्लबात क्रिकेट खेळला, निकरबॉकरकडून बेसबॉलही खेळला, आणि १८६५ मध्ये वर्षाला १,२०० डॉलरवर सिनसिनाटीच्या युनियन क्रिकेट क्लबात दाखल झाला. दोन वर्षांत बेसबॉल क्लबाने त्याला आपल्याकडे ओढले. खेळून वेतन घेण्यात लाज कसली, हा प्रश्न ज्याला कधी पडलाच नव्हता असा माणूस या कामाला लागणार होता, आणि तो मिळाला.

१८६९ च्या संघाचा पगारपट उपलब्ध आहे. तो वाचताना एखाद्या पेढीचे रोजकीर्द वाचत आहोत असे वाटते. शॉर्टस्टॉप जॉर्ज राइट, म्हणजे मघाचा बागेतला कारकून आणि हॅरीचा धाकटा भाऊ, १,४०० डॉलर. कर्णधार हॅरी स्वतः १,२००. पिचर एसा ब्रेनर्ड १,१००. फ्रेड वॉटरमन १,०००. गूल्ड, स्वीझी, लेनर्ड, मॅक्व्हे आणि कॅचर डग अॅलिसन प्रत्येकी ८००. राखीव खेळाडू हर्ली ६००. एकूण ९,३०० डॉलर, १५ मार्च ते १५ नोव्हेंबर या आठ महिन्यांसाठी. कर्णधाराने आपल्यापेक्षा धाकट्या भावाला अधिक पगार दिला, यात भावाचे कौतुक नाही, मोल ठरवण्याची शुद्ध व्यावसायिक दृष्टी आहे. जॉर्ज हा निःसंशय त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू होता.

या दहा जणांचे मूळ उद्योग पाहिले तर निकरबॉकरांचा काळ किती मागे पडला होता ते कळते. जवाहिरे, कोरीव काम करणारा, टोप्या बनवणारे, संगमरवर घडवणारा, पियानो बनवणारा, हिशेबनीस, विमा एजंट. हातावर कसब असलेल्या माणसांना आठ महिन्यांत त्यांच्या धंद्यातील वर्षभराच्या कमाईहून अधिक पैसे मिळत होते. वेतनावरील बंदीमुळे खेळाची शुद्धता राखली जाते असे म्हटले जाई; प्रत्यक्षात ज्याला दुपारी काम सोडून येणे परवडत नाही अशा माणसालाच ती बंदी बाहेर ठेवत होती. पगार आला तेव्हा कारागीर आत आला. या दहांपैकी सिनसिनाटीत जन्मलेला मात्र एकच होता, चार्ली गूल्ड. बाकी सारे बाहेरून आणलेले. शहराने त्यांना ‘आपली पोरे’ मानले आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही.

गणवेशाचीही एक कथा आहे. पायघोळ विजारी सोडून हॅरी राइटच्या संघाने गुडघ्यापर्यंतच्या चोळण्या आणि लालभडक लांब मोजे स्वीकारले. पोटऱ्यांचा आकार दिसतो म्हणून काहींनी नाके मुरडली. पण धावायला ते सोयीचे होते आणि डोळ्यांत भरणारेही. संघाला नाव पडले ते या मोज्यांवरून.

त्या काळचा खेळ आजच्यासारखा नव्हता. पिचर हात खांद्याखाली ठेवून चेंडू टाकी, क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी झेल घेत, आणि पन्नास-साठ धावा होणे नवलाचे नसे. ४ मे १८६९ रोजी हंगामाचा पहिला सामना या संघाने ४५ विरुद्ध ९ असा जिंकला. हॅरीचे खरे योगदान आहे ते सरावात. कोण कोणाच्या मागे आधाराला उभा राहील, दूरचा चेंडू हातोहात कसा आणायचा, कोणी ओरडून झेल मागायचा, हे सारे त्याने पाठ करून घेतले. तो स्वतः दारू पीत नसे आणि इतरांनी पिऊ नये म्हणून धडपडे; यात त्याला फारसे यश आले नाही. ब्रेनर्डविषयी अशी आख्यायिका आहे की सामना चालू असताना मैदानावर ससा दिसला म्हणून त्याने हातातला चेंडू सशावर फेकला आणि तेवढ्यात विरुद्ध संघाचे खेळाडू धावा काढून गेले. खरेखोटे काहीही असो, शिस्तीच्या संघातही स्वभाव शिल्लक राहतो, एवढे त्यातून दिसते.

मे महिन्याच्या अखेरीस संघ पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला. बेसबॉलची राजधानी तिकडे होती. पश्चिमेच्या संघाने तेथे जाऊन हरून यायचे, हा शिरस्ता होता. १५ जून रोजी न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्सविरुद्धचा सामना अवघ्या ४-२ धावांचा झाला. धावांच्या पुरात वाहून जाणाऱ्या त्या काळात इतका काटेकोर सामना लोकांनी पाहिलाच नव्हता. सिनसिनाटीत हॉटेलाबाहेर जमलेला जमाव तारेने येणारी धावसंख्या ऐकत उभा होता. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी खेळाडूंची भेट घेतली. १ जुलैला संघ परतला तेव्हा एका लाकडाच्या व्यापाऱ्याने सर्व खेळाडूंची नावे लिहिलेली २७ फूट लांबीची बॅट भेट दिली. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होण्यापेक्षा आपल्याला या क्लबाचा अध्यक्ष असणे अधिक आवडेल, अशा आशयाचे उद्गार चॅम्पियनने त्या प्रसंगी काढल्याचे प्रसिद्ध आहे.

ऑगस्टच्या अखेरीस ट्रॉयच्या हेमेकर्स संघाशी सामना १७-१७ अशा बरोबरीत असताना हेमेकर्सच्या अध्यक्षाने एका निर्णयावरून वाद घालून आपला संघ मैदानातून काढून घेतला. पंचांनी सामना सिनसिनाटीला बहाल केला. हेमेकर्सच्या विजयावर मोठ्या पैजा लागल्या होत्या आणि पराभव टाळण्यासाठी हे भांडण उकरून काढले, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला. सिनसिनाटीचा हिशेब काही ठिकाणी ५७ विजय असा, तर काही ठिकाणी ५६ विजय आणि एक बरोबरी असा मांडला जातो, तो या सामन्यामुळे. सप्टेंबरात संघ सॅन फ्रान्सिस्कोला गेला. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग त्याच वर्षी १० मे रोजी पुरा झाला होता. ज्या रेल्वेने सिनसिनाटीचे महत्त्व घटवले, तिनेच सिनसिनाटीचे नाव पॅसिफिकपर्यंत नेले.

आता त्या प्रसिद्ध शिलकीकडे वळू. वर्षाची जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट. खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. पगार आणि प्रवास वजा जाता उरले ते १ डॉलर ३९ सेंट. ही शिल्लक सामान्यतः गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती गंमत वाटत नाही. अपराजित वर्षात, नवलाईच्या ऐन बहरात, गर्दी लोटत असताना जर एवढेच उरत असेल, तर हरल्यावर काय उरणार होते? हा धंदा फक्त विजयावर उभा होता, आणि ज्या धंद्याला सतत विजय लागतो तो धंदा टिकत नाही.

१४ जून १८७० या दिवशी याचे उत्तर मिळाले. ब्रुकलिनच्या कॅपिटोलाइन मैदानावर, पन्नास सेंटचे तिकीट काढून आलेल्या हजारो प्रेक्षकांसमोर, अटलांटिक संघाशी नऊ डावांनंतर ५-५ अशी बरोबरी झाली. अटलांटिकचे खेळाडू बरोबरीवर समाधान मानून निघाले होते. हॅरी राइटला ते मान्य नव्हते. नियमाप्रमाणे खेळ पुढे चालला पाहिजे, असा त्याने आग्रह धरला. अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या, ७-५. मग अटलांटिकची पाळी आली. जो स्टार्टने टोलवलेला चेंडू उजवीकडे प्रेक्षकांच्या गर्दीत गेला आणि तो काढून आणताना मॅक्व्हेचा वेळ गेला. कर्णधार बॉब फर्ग्युसन नेहमी उजव्या हाताने खेळणारा. तो त्या वेळी डाव्या हाताने उभा राहिला, कारण चेंडू जॉर्ज राइटच्या दिशेने जाऊ नये. त्याने बरोबरी साधली, आणि पुढच्या चेंडूवर गूल्ड गडबडला तेव्हा तोच विजयी धाव घेऊन आला. ८-७. संघातला एकमेव सिनसिनाटीकर, आणि चूक झाली ती त्याच्या हातून. चॅम्पियनने घरी तार केली, तिचा आशय असा की हरलो, पण लाज वाटावी असे हरलो नाही.

बरोबरी पत्करली असती तर अपराजित ही पदवी त्या दिवशी शाबूत राहिली असती. परंतु ज्याने तिकीट घेतले त्याला पुरा खेळ मिळाला पाहिजे, असे मानणारा हॅरी राइट होता. बागेचा पत्ता देणाऱ्या जगातून बाहेर येऊन हा व्यवसाय उभा राहिला, त्याचा खरा अर्थ मला या आग्रहात दिसतो. पगारपटात तेवढा दिसत नाही.

शहराला मात्र तसे वाटले नाही. त्या वर्षी संघ साठाहून अधिक सामने जिंकला आणि केवळ सहा हरला. पण तेवढ्याने मैदानावरची गर्दी ओसरली. ऑगस्टमध्ये चॅम्पियनने अध्यक्षपद सोडले. सिनसिनाटीला हरवण्यासाठीच शिकागोने पैसे ओतून व्हाइट स्टॉकिंग्ज नावाचा संघ उभारला होता. त्याने शरद ऋतूत सिनसिनाटीला दोनदा हरवले. जे शिकागो लोकसंख्येत पुढे गेले होते ते आता येथेही पुढे गेले, आणि तेही सिनसिनाटीचीच युक्ती वापरून. नोव्हेंबरात नव्या पदाधिकाऱ्यांनी पत्रक काढले. खेळाडू मागतात ते पगार दिले तर क्लब कर्जात बुडेल, म्हणून पुढील वर्षी पगारी संघ ठेवला जाणार नाही. १८७२ मध्ये मैदानाच्या कुंपणाचे आणि बैठकींचे लाकूडही लिलावात निघाले.

माणसे अर्थातच थांबली नाहीत. हॅरी राइट, जॉर्ज, गूल्ड आणि मॅक्व्हे बॉस्टनला गेले आणि ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नावही बरोबर घेऊन गेले. १७ मार्च १८७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिली व्यावसायिक संघटना स्थापन झाली आणि १८७२ ते १८७५ अशी सलग चार वर्षे बॉस्टनने तिचे विजेतेपद मिळवले. १८७४ मध्ये हॅरी आपला संघ घेऊन इंग्लंडला गेला; तेथे त्याच्या खेळाडूंनी बेसबॉल दाखवला आणि यजमानांशी क्रिकेटही खेळले. हा बॉस्टनचा क्लब पुढे ब्रेव्हज झाला आणि १९५३ मध्ये मिलवॉकी व १९६६ मध्ये अटलांटा येथे गेला. सिनसिनाटीचा आजचा रेड्स हा क्लब १८८१-८२ मध्ये नव्याने उभारलेला. नाव आणि शहर एकीकडे, रक्ताची वंशावळ दुसरीकडे, असा हा वारसा विभागला गेला आहे.

या कथेची आणखी एक बाजू आहे. खेळाच्या शुद्धतेची जपणूक करणाऱ्या त्याच राष्ट्रीय संघटनेने डिसेंबर १८६७ मध्ये, ज्या क्लबात कृष्णवर्णीय सभासद आहेत अशांना प्रवेश द्यायचा नाही, असा ठराव केला. फिलाडेल्फियातील पिथियन या कृष्णवर्णीयांच्या क्लबाने, शिक्षक आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते ऑक्टेव्हियस कॅटो यांच्या पुढाकाराने, प्रवेशासाठी प्रयत्न केले होते. ते व्यर्थ गेले. सिनसिनाटी देशभर विजय मिळवत हिंडत होती त्याच १८६९ च्या सप्टेंबरात पिथियन संघ ऑलिंपिक या गोऱ्या संघाशी खेळला आणि हरला. पुढे सिटी आयटम या दुसऱ्या गोऱ्या संघाला त्याने हरवले. १८७१ मध्ये निवडणुकीच्या दिवशी झालेल्या दंगलीत कॅटो यांची भर रस्त्यात गोळी घालून हत्या झाली. पगाराने कारागिराला दार उघडले, पण वर्णाचे दार तसेच बंद राहिले, आणि पुढे व्यावसायिक लीगने ते अधिकच घट्ट लावले. जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला तो १९४७ मध्ये. तेव्हा सिनसिनाटीचा ‘अपराजित’ हा शब्द उच्चारताना कोणाविरुद्ध, हेही विचारले पाहिजे. देशातील सर्व संघांविरुद्ध नव्हे. ज्यांना खेळू दिले गेले त्या संघांविरुद्ध.

सिनसिनाटीच्या लाल मोज्यांनी दोनच वर्षांत व्यावसायिक खेळाची जवळजवळ सगळी लक्षणे दाखवून दिली. बाहेरून आणलेले ‘आपले’ खेळाडू, शहराचा अभिमान आणि त्यामागचा व्यापार, पैजा, पगारवाढीची मागणी, पैशाच्या बळावर उभा राहणारा प्रतिस्पर्धी, पराभवानंतर पाठ फिरवणारा प्रेक्षक, आणि अखेर संघच उचलून दुसऱ्या शहरी नेणे. जे नंतर दीडशे वर्षे घडत राहिले ते या पहिल्या प्रयोगातच घडून गेले होते. पैशाने खेळ बिघडला, असे म्हणणाऱ्यांनी पैशापूर्वीचा खेळ एकदा पाहावा. तेथे त्यांना बागेत कचेरी आणि दाराबाहेर उभा असलेला कॅटो भेटेल. आणि पैशाने खेळ वाचला, असे म्हणणाऱ्यांनी तो जमाखर्च पाहावा. सत्तावन्न सामने, जवळपास बारा हजार मैलांचा प्रवास, एकही पराभव नाही. आणि शिल्लक, एक डॉलर एकोणचाळीस सेंट.